हाक मारायचं बटण

१

दुपारची जेवणं उरकली, आईचा डोळा लागला आणि ओट्यावर भांडी पालथी पडली, की ताई चहाचा कप घेऊन खिडकीशी बसायची आणि इंटरनेटच्या एका पानावर एका खलनायकाच्या नावावरून चाललेलं भांडण वाचायची. कुणी दुपारी आडवं होतं, कुणी शब्दकोडं सोडवतं. ताईला परक्यांची भांडणं वाचल्याशिवाय चहा गोड लागत नसे.

भांडण अकरा वर्षं जुनं होतं. ‘उंबरठे’ नावाचा एक व्हिडिओ गेम. खेळणारा एका रिकाम्या घरात शिरतो, एकामागून एक खोल्या ओलांडतो, आणि शेवटच्या बोळकांडीत त्याला भिंतीकडे तोंड करून उभा असलेला एक माणूस दिसतो. पडद्यावर ‘हाक मारा’ असं बटण येतं, बटणाखाली त्या माणसाचं नाव. बटण दाबलं की तो ओ देतो, वळतो, आणि चेहरा दिसायच्या आत अंधार होतो. या माणसानं कुणाचं काय वाकडं केलं होतं हे कुणालाच सांगता आलं नसतं. पण गेम म्हटला की खलनायक हवा, आणि त्या घरात दुसरं कुणीच नव्हतं.

गेम नऊ भाषांत निघाला होता आणि नऊ भाषांत त्याची नऊ नावं होती. बेटांवरच्या आवृत्तीत तो इश्केल होता, डोंगरापलीकडच्या आवृत्तीत तुंबारो, थंड मुलखात मोरान. आणि आपल्या भाषेत भोपू.

“त्यांची नावं बघा कशी भारदस्त,” खोडसाळ या टोपणनावाचा एक जण दर आठवड्याला लिहायचा, “आणि आपल्याला काय, तर भोपू. खलनायक आहे की सायकलचा हॉर्न?”

“त्यातच तर खोली आहे,” पाटीपेन्सिल नावाच्या बाई उत्तर द्यायच्या. “भीती नेहमी घरातलीच असते. अनुवादकाला हे कळलं होतं.” मग त्यावर तीन पानी निबंध यायचा.

हे वाचून ताई पदरात तोंड लपवून हसायची. कारण अनुवादक तीच होती, आणि तिला काडीचंही काही कळलं नव्हतं.

मूळ गेममध्ये त्या माणसाला नावच नव्हतं. नावाची चौकट रिकामी. पण दुसऱ्या कुठल्याही भाषेत चौकट रिकामी ठेवली की गेम बंद पडायचा, म्हणून कामापुरतं एखादं चाचणीचं नाव घालायचं आणि शेवटी ते काढून खरं घालायचं, अशी पद्धत होती. तिच्या तेव्हाच्या साहेबांनी एक युक्ती शिकवली होती: चाचणीचं नाव नेहमी घरातलं घालावं, दिवसातून दहा वेळा तोंडात येणारं. बरं दिसणारं नाव तसंच खपून जातं. घरातलं नाव डोळ्यांना टोचत राहतं आणि काढायचं विसरत नाही. ताईनं धाकट्या भावाचं लाडाचं नाव घातलं. शेवटच्या आठवड्यात बाबांना इस्पितळात हलवावं लागलं, आणि फाइल तशीच गेली. कुणी ओरडलं नाही. ती खजील होऊन गप्प बसली ती आजतागायत.

२

भावाला भोपू म्हणत ते त्याच्या ओ देण्यावरून. लहानपणी तो कुठंही असला, गच्चीवर, पलीकडच्या गल्लीत, कुणाच्या अंगणात खेळत, आईनं हाक मारायचा अवकाश, की तिकडून असा दणदणीत “ओऽऽ” यायचा की शेजारच्या खिडक्या उघडायच्या. शेवटाला तो आवाज जरासा फाटायचा. वय वाढलं, मिशा आल्या, तो घड्याळं दुरुस्त करायला लागला, तरी ओ तीच राहिली.

आता तो बाहेरच्या खोलीत टेबलाशी बसून काम करतो. उजव्या डोळ्याला भिंग, हातात चिमटा, समोर उघडी पडलेली दहा-बारा घड्याळं, आणि त्यातली दोन एकसारखी वेळ दाखवतील तर शपथ. माणूस लाखात एक. आईला उठवून बसवणं, तिचे पाय चेपणं, तिची औषधं, सगळं तो न सांगता करतो. फक्त गेली दहा-अकरा वर्षं भोपू म्हणून हाक मारली तर त्याला ऐकू येत नाही.

रुसवा असेल असं आधी वाटलं. मग कानाच्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी कान उत्तम असल्याचं लिहून दिलं. पाळण्यातल्या नावानं बोलावलं तर तो लगेच मान वर करतो. भोपू म्हटलं की पापणीसुद्धा लवत नाही. ताईनं एकदा समोर बसवून सांगितलं, “अरे, भोपू म्हणजे तूच.” तो हसला. “कोण म्हणतं? मला नाही आठवत.” संध्याकाळपर्यंत ते बोलणंही विसरला.

एवढ्यानं कुणाचं अडलं नसतं, पण मग आईची दृष्टी गेली. दिसेनासं झाल्यावर आईजवळ माणसं ओळखायची एकच खूण उरली. ती हाक मारायची, “भोपू,” आणि थांबायची. टेबल दहा पावलांवर. तिथं चिमटा टेबलावर ठेवल्याचा आवाज यायचा, कमानीची टिकटिक यायची, ओ यायची नाही.

“बाहेर गेलाय वाटतं,” आई म्हणायची.

तो येऊन पाय चेपायला लागला, की ती अवघडून पाय आखडून घ्यायची. “कशाला हो तुम्ही त्रास घेता? माझा मुलगा येईल आता.”

“आई, मीच आहे,” तो म्हणायचा.

“हो हो,” आई म्हणायची, परक्या माणसाचं मन मोडू नये म्हणून. ताईच्या सांगण्यावरून एकदा त्यानं मुद्दाम ओ दिलीही. ती दुसऱ्याच्या चपलेत पाय घातल्यासारखी निघाली. आईनं ताईचा हात धरला आणि हळूच विचारलं, “ताई, हे गृहस्थ माझी समजूत का काढताहेत?”

घरात सगळे तिला ताईच म्हणत, आईसुद्धा. त्या दिवशी ताई न्हाणीघरात नळ सोडून रडली.

डॉक्टरीणबाईंनी गेल्या महिन्यात सांगितलं होतं की आईचं हृदय थकलंय, आता दिवस मोजायचे नाहीत, आहेत तसे घ्यायचे. ताईला एवढंच हवं होतं की आई जाण्याआधी तिचा मुलगा घरी आलेला असावा.

३

मंगळवारी कारकूननं तक्ता टाकला. कारकून म्हणजे त्या भांडणाच्या पानाची देखभाल करणारा गडी; खरा कोण, काय करतो, कुणास ठाऊक, पण त्याच्या नोंदींत कधी काना-मात्रा चुकायची नाही. त्यानं नऊही भाषांतल्या लोकांना पत्रं लिहून एकच प्रश्न विचारला होता: तुमच्याकडे या नावाचा अर्थ काय?

आलेली उत्तरं त्यानं ओळीनं मांडली होती. इश्केल म्हणजे त्या बेटांवर नवरा बायकोला लाडानं म्हणतो ते. तुंबारो म्हणजे गुबगुबीत बाळ. मोरान म्हणजे शेंडेफळ. नवांपैकी नऊ नावं घरातली होती.

“म्हणजे मी जिंकले,” पाटीपेन्सिलबाईंनी लिहिलं. पण निबंध आला नाही.

ताईचा चहा निवला. घाईगर्दीत एक अनुवादक नाव काढायचं विसरतो, हे समजण्यासारखं आहे. ती स्वतः विसरली होती. पण नऊ देशांतले, एकमेकांचं तोंडही न पाहिलेले नऊ अनुवादक? तिनं स्वतःला समजावलं की साहेबांची युक्ती सगळीकडे शिकवली जात असेल, शेवटचा आठवडा सगळ्यांनाच घाईचा गेला असेल. ते पटलं. बुधवारपर्यंत पटलेलं राहिलं.

बुधवारी खोडसाळनं नवीन कुरापत काढली. “नावांचं सोडा. प्रत्येक आवृत्तीत तो ओ वेगळी देतो, हे कुणाच्या लक्षात आलंय का? बेटांवरचा बायकी आवाजात हुंकारतो. मोरान खोकतो. आपला तर भोंगाच. ऐका.” खाली आवाजाचा तुकडा जोडला होता.

ताईनं हा गेम कधी खेळला नव्हता. शिंपी गिऱ्हाइकासाठी शिवलेले कपडे घालून हिंडतो का? तिनं शब्दांचं काम केलं होतं आणि त्यात त्या माणसाला बोलायची एकही ओळ नव्हती. आवाज नोंदवल्याचा कागद तिच्या हाताखालून गेला नव्हता. तिनं तुकडा सुरू केला. आधी पावलं, मग बटणाचा टक् आवाज.

“ओऽऽ.”

शेवटाला तो जरासा फाटला.

बाहेरच्या खोलीत भाऊ भिंग लावून वाकलेला होता. त्याचा चिमटा हलला नाही. आतल्या खोलीत पलंग करकरला.

“आला का गं तो?” आई म्हणाली. “ताई, आला ना? किती दिवसांनी. त्याला म्हणावं आधी हातपाय धू.”

ताईनं लॅपटॉप मिटला. ती आत गेली तेव्हा आई आपणहून उठून बसली होती आणि दाराकडे तोंड करून हसत होती. ताई तिच्याशेजारी बसून राहिली, आणि थोड्या वेळानं ते हसू आपोआप विरलं.

संध्याकाळी तिनं भावाला विचारलं, “तू कधी कुणाला आवाज दिला होतास? कुठं यंत्रात बोलून वगैरे?”

“मी? कशाला?” तो म्हणाला. “माझा आवाज ऐकून गिऱ्हाईक पळून जाईल.”

४

कंपनीचं पत्र आलं ते गुरुवारी. ‘उंबरठे’ नव्या रूपात निघत होता. जुन्या अनुवादकांनी आपल्या भाषेतलं नाव एकदा तपासून पक्कं करावं, बदलायचं असल्यास बदलावं. मुदत शुक्रवार, दुपारी बारा. सोबत गेमची चाचणीप्रत जोडली होती. पत्र नऊही जणांना एकत्रच गेलं होतं, त्यामुळे सगळ्यांचे पत्ते वर दिसत होते.

ताईनं भाऊ बाजारात गेल्यावर चाचणीप्रत उघडली. खोल्या साध्या होत्या. एका खोलीत वाळत घातलेले कपडे, एकीत झाकलेलं शिलाई मशीन. भीती वाटावी असं त्यांत काही नव्हतं, आणि हेच तिला बरं वाटेना. शेवटची बोळकांड आली. माणूस भिंतीकडे तोंड करून उभा होता. त्याचा उजवा खांदा थोडा खाली होता, बरीच वर्षं टेबलावर वाकून काम करणाऱ्याचा असतो तसा.

तिनं चौकटीतलं भोपू खोडलं आणि ‘अंधाराचा धनी’ लिहिलं. बटण दाबलं. तो वळला नाही. ‘पाहुणा’ लिहिलं, ‘मालक’ लिहिलं, मनाला येतील ती अर्थ नसलेली अक्षरं लिहिली. तो उभाच. शेजाऱ्यांच्या मांजराचं नाव लिहिलं, बोट बटणावर नेलं, आणि मग तिला एकदम त्या मांजराचीच दया आली. तिनं ते खोडून टाकलं. आपण कशाला घाबरलो ते तिनं मनातल्या मनातही नीट बोलून पाहिलं नाही.

शेवटी तिनं पुन्हा भोपू लिहिलं आणि बटण दाबलं.

“ओऽऽ.”

तो वळू लागला. अंधार व्हायच्या आधी निमिषभर गालाची कड दिसली आणि उजव्या डोळ्यापाशी काहीतरी गोल, काळं. बास, मग पडदा विझला.

दार वाजलं. भाऊ आत आला, पिशवी ठेवून टेबलाशी गेला, आणि खण उघडून, कागद उचलून, खाली वाकून काही शोधू लागला.

“ताई, माझं भिंग पाहिलंस का? जाताना इथंच ठेवलं होतं.”

ताईनं मान हलवून नाही म्हटलं. भिंग संध्याकाळी टेबलाखाली सापडलं. त्यानं ते हातात घेतलं आणि लगेच पुसायला लागला. “गार पडलंय,” तो म्हणाला.

५

इश्केलच्या अनुवादकाचं उत्तर शुक्रवारी सकाळी आलं. ताईनं आदल्या दिवशी त्या बेटांवरच्या म्हाताऱ्याला दोनच ओळी लिहिल्या होत्या: तुमच्या घरची इश्केल कशी आहे? हाकेला ओ देते का? वेड्यासारखे प्रश्न होते. म्हातारबुवांना ते वेडे वाटलेले दिसले नाहीत.

त्यांनी लिहिलं होतं: “बाई, तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. दहा वर्षं देत नव्हती. शेजारी बसून जेवायची, पण मी ज्या नावानं तिच्यावर प्रेम केलं ते नाव तिला लागू पडत नव्हतं. काल रात्री मी नाव पाठवलं. खोटी नावं मी आधी घालून पाहिली, तो घेत नाही. शेवटी ती मला ज्या नावानं बोलावते ते घातलं. आज सकाळी मी इश्केल म्हटलं आणि ती स्वयंपाकघरातून म्हणाली, आले. मी तसाच खुर्चीत बसलो. माझं म्हणाल तर मी ठणठणीत आहे. मला आज कुणी हाक मारलेली नाही. ती म्हणते की ती सकाळपासून मारतेय. मारत असेल.”

ताईनं पत्र दोनदा वाचलं. म्हातारा भ्रमिष्ट असेल, तिनं मनाशी म्हटलं. उतारवयात होतं असं. माणसं योगायोगाला धरून बसतात. तिनं कपडे वाळत घातले, आईला दूध पाजलं, औषधाची बाटली हलवून ठेवली. अकराच्या सुमाराला आईनं आतून हाक मारली, “भोपू,” आणि ऐकत राहिली. बाहेर तो हातातलं घड्याळ कानाशी धरून बसला होता. आईचं तोंड बराच वेळ दाराकडे होतं. मग तिनं ते भिंतीकडे वळवलं.

ते पाहिल्यावर ताईचं सगळं शहाणपण गळून पडलं.

ती बाहेर आली. “मला एकदा हाक मार.”

भावानं भिंग वर केलं. “तू समोर तर उभी आहेस.”

“मार म्हणते ना.”

“ताई,” तो म्हणाला.

“ओ,” ताई म्हणाली.

“झालं?”

“आणखी एकदा.”

“ताई, बरं वाटत नाहीये का तुला?”

“ओ,” ती म्हणाली. “बरं वाटतंय.” आणि तिला खरंच बरं वाटत होतं. ती आईजवळ जाऊन बसली, तिचे केस विंचरून दिले, घट्ट वेणी घातली. “ताई, हात गार का गं तुझे?” आईनं विचारलं. ताईनं त्यालाही ओ दिली, मोठ्यानं. मग ती खिडकीशी बसली. चौकटीत दोनच अक्षरं लिहायची होती. बाराला पाच कमी असताना तिनं ती लिहिली आणि पाठवून दिली.

६

टेबलावरच्या घड्याळांत बारा वाजायला चांगली दहा मिनिटं लागली. एकाचे वाजून झाले की दुसऱ्याला जाग यायची. तोवर तिनं कप विसळला, ओटा पुसला, फडकं पिळून दोरीवर टाकलं. कशाची तरी वाट पाहत होतो हे तिला आठवत होतं.

“भोपू,” आतून आई म्हणाली. सवयीनंच म्हणाली, आशेनं नव्हे.

“ओऽऽ.”

मांडणीतले पेले थरथरले. समोरच्या इमारतीत कुणीतरी खिडकी उघडली. बाहेरच्या खोलीत खुर्ची मागं पडली आणि तो पळत आत गेला, चाळिशीचा माणूस, पोरासारखा.

“कुठं होतास इतके दिवस?” आई म्हणाली. तिचा आवाज रडका झाला होता आणि हसराही. “किती हाका मारल्या मी.”

“इथंच होतो की, आई.”

“इथं एक गृहस्थ यायचे बघ. भले होते बिचारे. माझे पाय चेपायचे.”

“येतील पुन्हा,” तो म्हणाला. “बस तू नीट, पाय दे इकडं.”

ती स्वयंपाकघराच्या दाराला टेकून ऐकत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसावंसंही वाटत नव्हतं. इतकं सुख या घरात आपल्या देखत आलं, याचंच तिला नवल वाटत होतं. चहा टाकावा म्हणून ती शेगडीकडे वळली. आज तिघांचा टाकायचा, साखर थोडी जास्त.

खिडकीशी लॅपटॉप उघडाच होता. पानावर पुन्हा भांडण पेटलं होतं. कुणीतरी कंपनीनं बाराला जाहीर केलेलं नवं नाव वाचून हसत होतं, कुणी चिडलं होतं, पाटीपेन्सिलबाई म्हणत होत्या की आता मात्र मला भीती वाटते. ती ओझरतं वाचून हसली. कशावरून चाललंय ते तिच्या ध्यानात आलं नाही.

आत त्या दोघांचं बोलणं थांबलं. मग कुणालातरी हाक मारल्याचं तिला वाटलं. एकदा आईनं, एकदा त्यानं. मग दोघांनी मिळून, जरा मोठ्यानं, आणि मग तो एकटाच, पुन्हा पुन्हा, घाबरल्यासारखा, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत येत. नाव तिच्या ओळखीचं नव्हतं. शेजारीपाजारी असेल कुणी.

पाण्याला आधण आलं. किती हाका मारताहेत बिचारे, तिला वाटलं. जी कोण असेल, तिनं ओ तरी द्यावी.